तिसरा फाळ

आजारपणानंतर भाऊजींच्या तोंडात एकच शब्द शाबूत राहिला होता, आणि तो चारचौघांत बोलण्यासारखा नव्हता. चहा हवा असला तरी "च्यायला", चहा फार गरम असला तरी "च्यायला", आणि थोरलीनं पाठीमागची उशी नीट करून दिली की अगदी हळू, लाजल्यासारखं "च्यायला". डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूचं रक्त अडलं म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. पण तोंडात बसलेल्या शिव्या आणि लहानपणी पाठ केलेल्या गोष्टी पुष्कळदा वाचतात.

"आयुष्यभर सांगत होते, शिव्या देत जाऊ नका," थोरली म्हणायची. "तेवढीच एक उरली बघ."

थोरली म्हणजे त्यांची बायको, घरातली मोठी सून. धाकटी तिची जाऊ. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि पाहुण्यासारखा घरी यायचा, त्यामुळे भाऊजी अंथरुणाला खिळले तेव्हा शेत आपसूक या दोघींच्या अंगावर आलं. नशिबानं धाकटीला ट्रॅक्टर चालवता येत होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भाऊजींनी तिला शिकवला होता. तिचा नवरा हसला होता तेव्हा भाऊजी त्याला म्हणाले होते, "तू हस. तू गावभर हिंडणार, ट्रॅक्टर घरी उभा राहणार, मग कोण चालवणार, तुझी टोपी?"

गहू निघाला आणि रान मोकळं झालं. नांगरट करायची वेळ आली. शेडमध्ये नवा कोरा निळा नांगर ताडपत्रीखाली उभा होता. भाऊजींनी तो दुखण्याच्या थोडं आधी अवजारांच्या प्रदर्शनातून आणला होता. तीन फाळांचा. त्यांच्या पस्तीस हॉर्सपॉवरच्या जुन्या ट्रॅक्टरला आजवर दोनच फाळांचा नांगर होता, तोही झिजून वाकलेला. नवा नांगर बघून सगळे धरून चालले की आता ट्रॅक्टरही मोठा येणार. भाऊजींना कुणी विचारलं नाही आणि भाऊजींनीही आपण होऊन काही सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. मग दुखणं आलं आणि नवा ट्रॅक्टर कुणाच्या डोक्यातही राहिला नाही.

"यंदा नवा नांगर लावायचा," थोरलीनं सकाळी चहा गाळता गाळता जाहीर केलं. "ह्यांना खुर्चीवर बांधाला बसवू. बघू दे डोळ्यांनी."

धाकटीनं विचारलं, "ताई, आपला ट्रॅक्टर तो ओढेल का?"

"ओढायला काय झालं? त्यांनी आणलाय."

त्यांनी आणलाय, हे थोरलीच्या घरात शेवटचं वाक्य असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना शेतात नेलं. प्लास्टिकची खुर्ची, पाठीला उशी, वर मोठी काळी छत्री. धाकटीनं नांगर जोडला आणि लिफ्टनं उचलला, तेव्हाच ट्रॅक्टरचं नाक हलकं झाल्याचं तिच्या हाताला कळलं. स्टिअरिंग नको इतकं सैल फिरत होतं. तिनं पुढच्या बाजूला लोखंडी वजनं अडकवली, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं तास, नांगराची पहिली सरळ रेघ, धरलं.

नांगर जमिनीत उतरला आणि इंजिनचा आवाज खाली खाली जाऊ लागला. धुराड्यातून काळा लोट निघाला. तीन फाळ जमिनीला असे अडकले, जणू खालून कुणी धरून ठेवलेत. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, माती उकरून मागं फेकायला लागली.

"अगं, रेस वाढव!" बांधावरून थोरली ओरडली. "रेस!"

धाकटीनं रेस वाढवली. पुढची चाकं जमिनीवरून सुटली. एक क्षण तिला समोर रान दिसेना, नुसतं बॉनेट आणि आभाळ. तिनं सगळा जोर पायात आणून क्लच दाबला. ट्रॅक्टर धाडकन खाली आपटला. तिचे दात एकमेकांवर आदळले.

ती खाली उतरली. थोरली धावत आली होती, आणि तीही घाबरलीच होती. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून नेहमी जे निघायला हवं तेच निघतं असं नाही.

"तुला चालवता येत नाही," थोरली म्हणाली. "ते असते तर आतापर्यंत निम्मं रान झालं असतं."

धाकटी नांगर तिथंच सोडून, ट्रॅक्टर घेऊन घरी निघून आली. बांधावरून भाऊजी मोठमोठ्यानं "च्यायला! च्यायला!" करत होते, पण ते कुणाला उद्देशून होतं हे दोघींपैकी एकीलाही कळलं नाही.

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. एकाच ओट्याशी दोघी कामं करत होत्या, एक भाजी चिरत होती, दुसरी कणीक मळत होती, आणि मीठ लागलं तर जिचं तिला घ्यावं लागत होतं. बोलणं भाऊजींमार्फत व्हायचं. "सांगा तिला, गॅस बारीक कर." "त्यांना म्हणावं, केलाय." भाऊजी मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचे आणि निरोपाच्या जागी आपला एकुलता एक शब्द ठेवून द्यायचे. एरवी दोघी हसून लोटपोट झाल्या असत्या.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या भाऊजींसमोर बसून "एक" म्हणायच्या, की भाऊजी सुरू व्हायचे, "एक दोन तीन चार पाच," थेट दहापर्यंत, घरंगळत, मधे कुठेही न थांबता. बाई म्हणायच्या, "चारवर थांबायचं हं," पण ते त्यांना जमायचं नाही. आकडे त्यांच्या हातात नव्हते, तेच आकड्यांच्या हातात होते. त्या आठवड्यातही दहा झाल्यावर ते दमून खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचे डोळे भरून आले.

धाकटीनं ते दारातून पाहिलं. तिला वाटलं, आता हे किती ताणायचं? तिनं पायात चपला घातल्या आणि ती तालुक्याच्या रस्त्यावरच्या अवजार तपासणी केंद्रात गेली.

तिथल्या मॅडम एका पेरणीयंत्राखाली आडव्या पडल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा नाक सर्दीनं लाल झालेलं होतं, पायात मोठे गमबूट होते, आणि कानाला लावलेल्या फोनवर त्या घरच्या मुलीला सांगत होत्या की कंपासपेटी फ्रीजवर नसेल तर फ्रीजमागे पडली असेल. धाकटीचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. फाळ किती रुंद आहेत, आणि रान कसं आहे?

"रान कडक. गहू निघाल्यापासून पाणी नाही."

"मग तुमचं चालवणं चुकलेलं नाही," मॅडम नाक पुसत म्हणाल्या. "पण मी इथं बसून सांगून काय उपयोग? तुमच्या घरी पटायला हवं. आम्ही ओढ, म्हणजे नांगर ओढायला किती जोर लागतो ते, मोजून देतो. तुमच्या रानात येऊन, तुमच्याच नांगराची. दुसरा एक मोठा ट्रॅक्टर मात्र लागेल."

घरी येऊन धाकटीनं भाऊजींना मधे न घेता सरळ थोरलीला सांगितलं. थोरलीनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"मोजू दे," ती म्हणाली. "काटा काही तुझ्या माहेरचा नाही. जे असेल ते कळेल तरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. उलट घाई होती. धाकटीला त्याचं नवल वाटलं.

मोठा ट्रॅक्टर शेजाऱ्याकडे होता. शेजाऱ्याला सगळे पहिलवान म्हणायचे, कारण तो काडीसारखा होता आणि वारा सुटला की बायको त्याला घरात बोलावून घ्यायची, असा त्याचा स्वतःचाच विनोद होता. भाऊजींचा तो जुना दोस्त. "त्याच्यासाठी ट्रॅक्टर काय, मी स्वतः ओढीन," तो म्हणाला, आणि मग आपल्या दंडाकडे बघून, "ट्रॅक्टरच आणतो."

मोजणीच्या सकाळी भाऊजींची खुर्ची पुन्हा बांधावर लागली. मॅडमनी जाड साखळीच्या मधोमध काटा अडकवला. भल्यामोठ्या घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर किलोचे आकडे. पुढे पहिलवानाचा ट्रॅक्टर, मागे धाकटीचा, आणि त्याला जोडलेला निळा नांगर.

"सोपं आहे," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मागचा ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये राहील. पुढचा त्याला ओढेल. आधी नांगर जमिनीत घालून जायचं, मग तेवढंच अंतर नांगर उचलून जायचं. दुसऱ्या वेळी काटा जे दाखवेल ती नुसत्या ट्रॅक्टरची ओढ. ती पहिल्यातून वजा केली की राहिलेली नांगराची. आणि साखळीजवळ कुणी येऊ नका. तुटली तर विचारायला येत नाही ती."

पहिलवानानं गियर टाकला. साखळी जमिनीवरून उचलली गेली, ताठ झाली. धाकटीनं लिफ्टचा दांडा दाबून नांगर खाली सोडला. तीन तासं एकदम उघडली, मातीची मोठाली ढेकळं फाळांवरून कलंडायला लागली. मागून चालत थोरलीनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड आला. इतके दिवस तिला हेच बघायचं होतं. तिनं वळून नवऱ्याकडे हात केला. "बघितलं का? बघा!"

मॅडम तबकडीच्या बाजूनं, हातभर लांब राहून चालत होत्या. काटा थरथरत साडेसतराशेच्या आसपास फिरत होता. मग नांगर उचलून तेवढंच अंतर गेले. दोनशे.

"साडेपंधराशे किलो," मॅडम म्हणाल्या. इंजिनं बंद झाली होती, त्यामुळे आवाज रानभर गेला. "तुमचा ट्रॅक्टर या रानात हजाराच्या आसपास ओढेल. फार तर अकराशे. त्यापुढे चाकं फिरणार, नाहीतर तोंड वर करणार. यात चालवणाऱ्याचा काही दोष नाही."

"पण आता तर ओढला," थोरली म्हणाली.

"तो ह्या मोठ्यानं ओढला, वहिनी," पहिलवान हळू आवाजात म्हणाला.

"मग सावकाश ओढू दे. पहिल्या गियरमध्ये."

"सावकाश गेलं की इंजिनावरचा भार कमी होतो," मॅडम म्हणाल्या, "पण ओढ फारशी कमी होत नाही. तीन फाळ तेवढीच माती कापणार. रुंदी कमी केली किंवा खोली कमी केली, तरच ओढ कमी होते. किंवा रान मऊ असलं तर. मी समजते, नवा नांगर आहे. पण तो मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर आहे."

थोरली वळली आणि विहिरीच्या दिशेनं चालायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. धाकटी ट्रॅक्टरवरून उडी मारून तिच्या मागे गेली.

थोरली मोटरच्या खोलीमागे भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"ताई, असू दे ना. परत देऊ, बदलून घेऊ. एवढं काय त्यात?"

"तुला नाही कळायचं."

"मग सांगा. अबोला धरून कसं कळणार?"

थोरली पदराकडे बघतच बोलायला लागली.

"दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीला विचारलं होतं. म्हणाले, आधी काही वेगळं जाणवलं होतं का? वागण्यात काही? उगाच कशावर खर्च केला, न शोभणारा निर्णय घेतला, विसरले, असं काही? कधी कधी मेंदूचं दुखणं आधी तसं दिसतं, म्हणाले. लवकर कळलं असतं तर, म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. मी म्हटलं, नाही हो, काही नाही. आणि घरी आले, शेडमध्ये गेले, तर समोर हा नांगर."

धाकटीला आता कळलं.

"मोठा ट्रॅक्टर नाही आणि एवढा नांगर आणला. मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, करतायत काहीतरी. माझ्यासमोर होतं गं सगळं. हा नांगर जर बरोबर असेल तर माझ्या हातून काही निसटलं नाही. आणि चूक असेल तर ते तेव्हापासूनच आजारी होते आणि मी बाजूला बसून जेवत होते." तिनं पदर सोडून दिला. "म्हणून तुला तसं बोलले. तुझ्यात काही खोट निघाली असती तर बरं झालं असतं."

धाकटीनं तिचा हात धरला. डॉक्टर तसं प्रत्येकालाच विचारतात, असं म्हणावंसं वाटलं, पण तिला ते खात्रीनं माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात रानातून भाऊजींचा आवाज आला. "च्यायला! च्यायला!" आणि पाठोपाठ पहिलवानाचा, "वहिनी! अहो, या लवकर!"

दोघी धावल्या. भाऊजी खुर्चीतून उठले होते. डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत, पहिलवानाला एका खांद्यानं ढकलत ते नांगरापर्यंत आले होते. छत्री ढेकळांत उलटी पडली होती. मॅडम त्यांना धरायला जात होत्या आणि ते त्यांना धरू देत नव्हते. काठीनं त्यांनी पुढच्या फाळावर टोला दिला.

"एक," ते म्हणाले.

सगळे जागच्या जागी थांबले. दुखण्यानंतर बाईंनी सुरुवात करून दिल्याशिवाय त्यांनी कधी आकडा उच्चारला नव्हता.

काठी सरकली. दुसऱ्या फाळावर टोला. "दोन."

मग त्यांचं तोंड पुढचा आकडा म्हणायला उघडलं. तो येतच होता, नेहमीसारखा, मागच्याच्या रेट्यानं. भाऊजींनी काठी टाकून दिली आणि डाव्या हातानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. त्यांचा चेहरा लाल झाला, मान थरथरली. आकडा आत गिळल्यासारखा गळा हलला. ते तोल जाऊन पहिलवानाच्या अंगावर कलंडले, आणि काडीसारख्या त्या माणसानं त्यांना तसंच तोलून धरलं. मग भाऊजींनी तोंडावरचा हात काढला आणि तिसऱ्या फाळाकडे बोट दाखवून हवेत असा झटकला, जसा ताटात काही नको असलं की झटकायचे.

"हा नको?" धाकटीनं विचारलं. "भाऊजी, तिसरा नको? दोनवर चालवायचा?"

"च्यायला!" भाऊजी म्हणाले. एवढा आनंदानं भरलेला तो शब्द त्या घरानं आजवर ऐकला नव्हता.

मॅडम तोवर नांगराशी गुडघ्यावर बसल्या होत्या. "सुटतो हा," त्या म्हणाल्या. "मागचा फाळ चार बोल्टांवर आहे. काही नांगर असेच बनवतात, दोनचा तीन करता यावा म्हणून. मी आल्या आल्या हे बघायला हवं होतं." मग त्या थोड्या आणखी वाकल्या आणि नटांवरची माती अंगठ्यानं पुसली. "याचे नट कुणी खोलले होते का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आणल्यापासून ताडपत्रीखालीच होता."

"खोललेत. बाकी सगळ्या नटांवर कारखान्याचा रंग अख्खा आहे. या चारच नटांचा रंग तुटलाय. पान्याच्या खुणा आहेत. आणि आतून ग्रीस लावलंय. कुणीतरी खोलून बघितलं, ग्रीस लावलं आणि परत बसवून ठेवलं. मुद्दाम, सुटायला सोपं जावं म्हणून."

थोरली पुढे आली. तिनं खाली बसून त्या नटांवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं काळं ग्रीस बघत राहिली.

"एकदा रात्री जेवायला बसले ते ग्रीसच्या हातांनी," ती म्हणाली. "नव्या टॉवेलाला पुसले हात. मी किती बोलले त्यांना." ती नवऱ्याकडे बघायला लागली. "शेडमध्ये हेच करत होता होय? मग सांगायचं नाही का? आता दोनवर चालवू, पुढे ट्रॅक्टर घेतला की तिसरा लावू, एवढं एक वाक्य. तेव्हा तर बोलता येत होतं ना तुम्हाला!"

आणि मग ती रडली, भर रानात, पहिलवानासमोर आणि मॅडमसमोर. भाऊजी डाव्या हातानं तिच्या डोक्यावर थापटत होते, जरा जास्तच जोरात, कारण त्या हातालाही अजून अंदाज आला नव्हता. मॅडमना शिंक आली, ती त्यांनी दाबायचा प्रयत्न केला आणि दुप्पट मोठी आली. पहिलवान हसला. रडता रडता थोरलीही हसली.

चार नट खरोखर सहज निघाले. फाळ उतरवून बांधावर ठेवला, साखळी पुन्हा जोडली आणि पुन्हा मोजलं. बाराशेतून दोनशे गेले, राहिले हजार.

"काठावर आहे," मॅडम म्हणाल्या. "चालेल, पण इंजिनाला धाप लागेल. मी सांगते तसं करा. एक हलकं पाणी द्या आणि वापसा येऊ द्या. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा. मग ओढ आणखी उतरेल. आणि खोली दोन बोटं कमी धरा."

पहिलवान काटा उचलून मॅडमच्या गाडीत ठेवायला लागला आणि त्याच्या वजनानं वाकला. मॅडमनी तो त्याच्या हातातून घेतला आणि एका हातानं आत टाकला.

पाणी देऊन वाट बघण्याच्या दिवसांत बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. थोरलीनं त्यांना दारातच गाठून सगळं सांगितलं. बाई हरखल्या, लगेच समोर बसल्या आणि म्हणाल्या, "चला, दोनवर थांबून दाखवा. एक..." भाऊजी दहापर्यंत गेले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा दहा. बाईंचा चेहरा उतरला. थोरलीचा उतरला नाही. "राहू द्या," ती म्हणाली. "नुसतं म्हणून दाखवायला ते पूर्वीही कधी तयार नसायचे. काम असलं की बघा."

वापसा आला. धाकटीनं मूठभर माती दाबून, फोडून पाहिली, नांगर जोडला आणि ती रानात उतरली. इंजिनाचा आवाज थोडा खाली गेला आणि तिथेच स्थिर राहिला. चाकं घसरली नाहीत. तासामागून तास ओळीनं पडत गेलं. मागून थोरली एक काडी घेऊन चालत होती. दर काही अंतरावर वाकून ती काडी तासात उभी करायची, खोली बघायची आणि हात वर करून ओरडायची, "एक बोट कमी आहे!" धाकटी थांबायची, दांडा जरासा हलवायची. "आता जास्त झालं!" धाकटी पुन्हा थांबायची. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती इंजिन चालू ठेवूनच मागे वळली.

"ताई, तुम्ही बसता का इथं वर, मी काडी धरते!"

"मला येत असतं तर बसले नसते?" थोरली तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

दुपारपर्यंत निम्मं रान झालं. थोरली थर्मासमधून चहा घेऊन आली, आणि दोघी ट्रॅक्टरच्या सावलीत मोठ्या चाकाला पाठ लावून बसल्या. पलीकडे भाऊजी छत्रीखाली झोपले होते, तोंड उघडं टाकून. खालच्या ओल्या मातीचा वास येत होता.

"त्या दिवशी तुला बोलले ते," थोरली म्हणाली.

"कोणतं?"

"तुला माहीत आहे कोणतं."

धाकटीनं चहाचा घोट घेतला. "त्यातलं थोडं खरं होतं. पुढची चाकं हलकी झालेली मला आधीच कळली होती, ताई. भाऊजी असते तर त्यांनी नांगर जमिनीत घातलाच नसता. तुम्ही ओरडलात म्हणून मी रेस वाढवली. नको म्हणायला हवं होतं मी."

"मला नको म्हणायचं?"

"हो."

थोरलीनं जरा विचार केला. "म्हणत जा," ती म्हणाली. "मी ऐकेन असं नाही. पण म्हणत जा."

धाकटी हसली आणि उरलेला चहा एका घोटात संपवून उठली. थोरली कप गोळा करून नवऱ्याच्या खुर्चीकडे गेली. ऊन सरकून त्यांच्या पायांवर आलं होतं, म्हणून तिनं छत्री उपटली आणि दुसऱ्या बाजूला रोवली. त्या आवाजानं त्यांना जाग आली. समोरच्या उघड्या रानाकडे ते बराच वेळ बघत राहिले. थोरली त्यांच्याशेजारी बांधावर बसली आणि पायातली ओली माती खरवडत त्यांना सांगायला लागली, की पलीकडचा कोपरा कडक निघाला, की धाकटी वळताना जागा सोडते, की संध्याकाळपर्यंत बहुतेक होईल. ट्रॅक्टर सुरू झाला तसा तिला आवाज वाढवावा लागला, पण तिनं बोलणं थांबवलं नाही.